चार मीटर सतरा, जा-ये

मापकाकांची स्वतःची उंची पाच फूट एक इंच. त्यातला एक इंचही बुटाच्या टाचेचा आहे, असं नाक्यावरचे ड्रायव्हर म्हणत. अशा माणसाच्या हाती गाड्यांची उंची मोजायचं काम यावं, ही नशिबाची गंमत की कार्यालयाची, कोण जाणे. पण काम आलं आणि त्यांनी ते सव्वीस वर्षं केलं. रेल्वेचा जुना लोखंडी पूल रस्त्यावर वाकून उभा होता. त्याच्या अलीकडे दोनशे पावलांवर नाका, नाक्यावर पत्र्याची खोली, आणि खोलीच्या दाराशी मापकाका, हातात साडेपाच मीटरची मापकाठी घेऊन. काठीला एक आडवा हात होता. तो गाडीच्या टपावर टेकवायचा, काठीवरच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की आकडा वाचायचा. पुलाखालून जाणारी गाडी चार मीटर वीसपेक्षा उंच नको, असा कायदा. चार एकवीस निघाली की मापकाका नुसती मान हलवत आणि गाडी बारा किलोमीटरचा वळसा घालायला मागे फिरे.

"काका, एका सेंटिमीटरनं काय होतंय? टायरच जाड आहेत हो आमचे!"

"मग टायर इथे ठेवून जा," मापकाका म्हणत. याच्या पलीकडे त्यांचं बोलणं जात नसे. आकडा सांगायचा, मत सांगायचं नाही. घरीसुद्धा तेच. बायकोने नवी साडी नेसून "कशी दिसते?" विचारलं, तर "मापात आहे" म्हणत, आणि त्या माउलीने तीस वर्षं त्यालाच कौतुक समजून घेतलं होतं.

नियमाप्रमाणे गाडी जाताना मोजायची आणि येतानाही मोजायची. पण एकदा, फार वर्षांपूर्वी, एका ड्रायव्हरच्या बायकोचे दिवस भरले होते आणि त्याला माल उतरवून तसंच दवाखान्यात धावायचं होतं. मापकाकांनी त्याच्या चिठ्ठीवर आकड्याशेजारी लिहून दिलं, 'जा-ये'. म्हणजे येताना थांबू नकोस, हेच माप दोन्ही वेळचं. दुसऱ्या दिवशी मागच्या गाडीवाल्याने तोंड पाडलं, "का काका, आम्हाला बायका नाहीत?" त्यालाही मिळालं. मग तिसऱ्याला. महिन्याभरात नाक्यावरची परतीची रांग नाहीशी झाली. मोठ्या साहेबांनी येऊन रिकामा रस्ता पाहिला आणि मापकाकांची पाठ थोपटली. चिठ्ठ्यांवर शिक्का मारणारा त्यांचा सोबती तर म्हणे, "काका, तुम्ही दोन अक्षरांत जेवढा रस्ता मोकळा केलात तेवढा आख्ख्या बांधकाम खात्याला जमला नसता."

आणि खरंच, वीस-बावीस वर्षांत कधी काही बिघडलं नाही. गाड्या पलीकडच्या गोदामांत फरशा घेऊन जात आणि तिकडून कागदाचे गठ्ठे भरून येत. जाताना भरलेली, येतानाही भरलेली. बहुतेक गाड्या चार मीटरच्या आतल्याच. उंची काठोकाठ होती ती एकाच बंद पेटीच्या गाडीची. ती चालवत मापकाकांचे व्याही.

हे व्याहीपणही नाक्यावरच जमलेलं. टपावर काठी टेकवलेली असताना ड्रायव्हरसाहेब खिडकीतून म्हणाले होते, "काका, तुमची मुलगी लग्नाची आहे म्हणे. आमचा मुलगा बघता का?" मापकाकांनी बुडबुड्यावरची नजर न काढता विचारलं, "उंची?" आणि मागच्या चार गाड्यांतून हसण्याचा जो गडगडाट झाला, त्यातच सोयरीक पक्की झाली. लेक त्या घरी सुखात होती. गावाच्या याच टोकाला, तिसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर.

त्या मंगळवारी सकाळी व्याह्यांची गाडी फरशा भरून आली. मापकाकांनी काठी लावली. चार मीटर सतरा. 'जा-ये'. शिक्का बसला. व्याही म्हणाले, "येताना थांबत नाही हो, विहीणबाईंना सांगा, लेक रविवारी येतेय." गाडी पुलाखालून सुरळीत गेली.

पलीकडे कागदाच्या गिरणीत त्या दिवशी यंत्र बंद पडलं होतं. गठ्ठे नाहीत. व्याह्यांनी फरशा उतरवल्या आणि रिकामी गाडी घेऊन ते माघारी निघाले.

मापकाका तेव्हा एका टँकरला काठी लावून उभे होते. पुलाकडून जो आवाज आला, तो धडकेसारखा नव्हताच. भला मोठा पत्र्याचा डबा कुणीतरी सावकाश, न थांबता उघडत न्यावा तसा तो आवाज होता, आणि तो संपता संपेना. मग तो संपला. मापकाकांनी टँकरचा आकडा वाचला, "तीन ब्याण्णव." शिक्केवाला खोलीतून बाहेर धावत आला आणि त्यांच्याकडे बघतच राहिला. मापकाका त्याला पुन्हा म्हणाले, "तीन ब्याण्णव. लिही."

माणूस कुणी गेलं नाही. व्याह्यांच्या कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ आलं, तेवढंच. पण पेटीचं छप्पर सोलून मागे गोळा झालं होतं, पुलाच्या तुळईला पोचा पडला होता, आणि आगगाड्या दुपारपर्यंत दोन्हीकडे खोळंबल्या. अडकलेली गाडी काढायला टायरांतली हवा सोडावी लागली, तेव्हा कुठे ती खाली बसून निघाली. मापकाका हे सगळं बघायला पुलापर्यंत गेलेसुद्धा. व्याही रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. मापकाका त्यांच्या शेजारी बसले.  थोड्या वेळाने मापकाका उठले आणि नाक्यावर परत गेले, कारण रांग लागली होती.

तेव्हापासून मापकाकांना काही वाटेनासं झालं. पाय झोपतो ना, तसा आख्खा माणूस झोपला होता. भीती वाटावी, तर नाही. वाईट वाटावं, तर तेही नाही. सकाळी उठत, दाढी करत, डबा घेऊन जात, आकडे सांगत, डबा घेऊन येत. बायकोने एके दिवशी मुद्दाम भातात मीठच घातलं नाही. त्यांनी तो नीट खाल्ला, ताट धुऊन ठेवलं.

"अहो, अळणी होता," ती म्हणाली.

"हो का," मापकाका म्हणाले.

"भांडा तरी हो!" असं म्हणून ती आत गेली, आणि तिने भांडी जरा जोरात आपटली. त्यांना तेही ऐकू आलं. पण दुसऱ्याच्या घरातलं ऐकू यावं तसं.

दहाव्या दिवशी चौकशी लागली. वरच्या कार्यालयातून एक बाई आल्या. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बोलणं कापल्यासारखं, आणि कागद इतके नीट लावलेले की त्यांच्यासमोर माणसाला आपलाच शर्ट चुरगळल्यासारखा वाटावा. त्यांच्यापुढे तिढा असा होता. छप्पर सोललेलं, त्यामुळे गाडीची खरी उंची आता मोजता येईना. हवा सोडल्यावर घेतलेलं माप धरता येईना. उरला एकच पुरावा, सकाळची चिठ्ठी.

"ही सही तुमची?"

"हो."

"चार सतरा हे माप बरोबर?"

"हो."

"काठी तपासलेली होती?"

"आठवड्यामागेच."

"ठीक. या तुम्ही."

आणि मापकाका उठून आले. विचारलं तेवढं सांगितलं. जन्मभर तसंच केलं होतं. समोर उभी राहील ती गाडी मोजायची, मागच्या गाडीबद्दल बोलायचं नाही. शिक्केवाल्याने बाहेर त्यांना चहा दिला आणि हळूच म्हणाला, "सुटलात काका. तुमच्यावर शिंतोडासुद्धा नाही."

शिंतोडा उडाला तो दुसरीकडे. बाईंचा हिशेब सरळ होता. गाडी चार सतरा, पूल चार वीस. मग घासली का? तर ड्रायव्हरने भरधाव आणली, गाडी उसळली आणि टप लागलं. व्याह्यांचा परवाना काढून घेतला. कायमचा काढायचा की नाही, त्याचा निकाल पंधरा दिवसांनी. व्याही ठाम म्हणाले होते की मी हळू आणली. पण त्या सांगण्याला साक्ष नव्हती, आणि चिठ्ठीला सही होती.

बत्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस घरात बसला की घराचं काय होतं, ते विहीणबाईंकडून ऐकावं. त्या एका संध्याकाळी आल्या, दारातच चपला झटकल्या आणि सुरू झाल्या. "विहीणबाई, काय सांगू! काल स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. परवा न मोडलेल्या खुर्चीला खिळे ठोकले, आता ती मोडली. आज सकाळी मी भाजी आणायला निघाले तर मागून ओरडतात, 'डावीकडून जा, डावीकडून!' अहो, जिना एकाच माणसाचा आहे आमचा!"

मापकाकांची बायको तोंडाला पदर लावून हसली. विहीणबाईही हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. "रात्री मात्र गप्प असतात," त्या म्हणाल्या. "परवाना गेला तर या वयात कोण ठेवणार त्यांना? आणि त्यांना दुसरं येतं तरी काय?" मापकाका खिडकीशी बसून हे ऐकत होते. लेक ज्या घरात आहे त्या घराचं काय होणार, हा प्रश्न अगदी नीट, सुवाच्य अक्षरांत त्यांच्यासमोर आला होता. त्यांनी तो वाचला. 

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बायकोने हातात पिशवी दिली, लेकीला देऊन या म्हणाली. मापकाका तिसऱ्या गल्लीत गेले, दोन मजले चढले. दार व्याह्यांनीच उघडलं. टेंगूळ उतरून तिथे पिवळा डाग राहिला होता. दोघे बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसले. आत लेक चहा करत होती, कपांचा आवाज येत होता.

व्याही म्हणाले, "मी जोरात आणली असेल हो."

मापकाकांनी वर पाहिलं.

"आधी वाटायचं, हळू होतो. पण रोज विचार करकरून आता मला दिसायलाच लागलंय की काटा वर होता. घाई असणार. लेक तुमच्याकडे येणार होती ना रविवारी, काहीतरी डोक्यात असणार." ते आपल्या तळहाताकडे बघत होते. "तुमचं माप तर चुकत नाही. सव्वीस वर्षांत कधी चुकलं नाही. तुम्ही जा-ये लिहिलंत म्हणजे जा-ये. म्हणजे मीच चुकलो असणार. सोपंय."

"गाडी रिकामी होती," मापकाका म्हणाले.

"हो. गठ्ठे मिळाले नाहीत ना त्या दिवशी."

"रिकामी गाडी उचलते."

"उचलते की. स्प्रिंगच्या पाट्यांवरचं वजन गेलं की चार बोटं वर येते, हे मला सांगता..." आणि व्याही थांबले. आतून लेक ट्रे घेऊन आली. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि गुपचूप परत गेली.

रिकामी गाडी उचलते, हे दोघांनाही ठाऊक होतं. नाक्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक असेल, कारण ते दुपारी नेहमी रिकाम्या गाडीखालीच झोपे. तिथे जागा जास्त. एकाला ते पाठीच्या कण्याला ठाऊक, दुसऱ्याला मापकाठीला. पण चिठ्ठीवर ती दोन अक्षरं असली की त्यापुढे विचार करायचाच नाही, ही सवय दोघांना लागली होती, आणि ती लावणारा एकच जण होता.

"मग आता?" व्याही म्हणाले.

"सांगतो जाऊन."

"अहो, तुमची चौदा महिने नोकरी राहिलीय. कशाला?"

मापकाकांनी ट्रेमधला कप उचलला. चहा प्याले, कप खाली ठेवला आणि जिना उतरले. डावीकडून.

चौकशीच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला. "ते तुमचे व्याही ना?"

"हो."

"मुलगी त्यांच्या घरी दिलीय?"

"हो."

"आणि मागच्या वेळी तुम्ही यातलं एक अक्षर बोलला नाहीत. मग आज हे अचानक आठवलं, असं मी लिहू?" त्या हसल्या, पण कुत्सितपणे नाही. "काका, नातं सांभाळायला माणसं खोटं बोलतात, मी समजू शकते. पण कागदावर काय आहे? चार सतरा."

चूक कबूल करायला गेलेल्या माणसाला 'तुमची चूक नाही' म्हणून परत पाठवतात, हे मापकाकांनी प्रथमच पाहिलं. दुसऱ्या कुणाला याचं हसू आलं असतं. ते उभे राहिले आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांपुढे प्रथमच, न विचारता, एक लांब वाक्य बोलले. "तशीच दुसरी बंद पेटीची गाडी नाक्यावर आणा, भरलेली मोजा, रिकामी करा, परत मोजा, आणि काठीला मला हात लावू देऊ नका."

बाईंनी चष्मा पुन्हा घातला.

गुरुवारी गाडी आली. त्याच बनावटीची, फरशांनी भरलेली. काठी शिक्केवाल्याने धरली. आयुष्यात पहिल्यांदा धरत होता, त्यामुळे बुडबुडा मधे आणायलाच त्याला पाच मिनिटं लागली. बाईंनी स्टुलावर चढून स्वतः आकडा वाचला. चार मीटर पंधरा. मग हमाल लागले. फरशांच्या खोक्यांमागून खोकी उतरायला लागली, नाक्याच्या भिंतीशी थर चढले, ऊन वर आलं.

"दोन तासांनी परत हीच भरायचीय म्हणे," एक हमाल दुसऱ्याला म्हणाला. "कुठल्या गाढवानं काढली ही अक्कल?"

"असेल कुणीतरी खुर्चीवरचा."

शेजारीच मापकाका खोकी मोजत उभे होते. त्यांनी त्या दोघांना पाण्याचा तांब्या दिला. "मीच तो," ते म्हणाले. हमालांना वाटलं काका थट्टा करतायत, आणि ते खदखदून हसले.

शेवटचं खोकं उतरलं. गाडी आधीच जरा जरा करत वर आली होती. बघणाऱ्याला कळू नये इतकी, पण मापकाकांना कळत होती. शिक्केवाल्याने काठी लावली. बुडबुडा या वेळी लवकर आला. बाई स्टुलावर चढल्या, आकडा वाचला, खाली उतरल्या, आणि पुन्हा चढल्या.

"चार बावीस," त्या म्हणाल्या.

 त्यांनी वहीत लिहिलं. चार सतरात सात मिळवले की किती होतात, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. मग त्या मापकाकांकडे वळल्या. "रिकामी गाडी वर येते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"तरी जा-ये लिहिलंत. रोज."

"माहीत होतं. सुचलं नाही."

"यात फरक काय?"

मापकाकांनी विचार केला. त्यांना खरोखर शोधावं लागलं. "सुचायला गाडी समोर उभी लागते, बाई," ते म्हणाले. "आणि ती उभी राहू नये, म्हणून तर मी लिहीत होतो."

बाईंनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली सही मागितली. मापकाकांनी केली. सहीखाली तारीख घातली, तारखेखाली सवयीने रेघ मारली. आपल्याला आता हलकं वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. थोडा वेळ वाट पाहिली. तसं काही वाटलं नाही. भिंतीशी रचलेल्या खोक्यांच्या एका थरात एक खोकं वाकडं लागलं होतं, ते त्यांनी सरळ केलं.

निकाल लागला तो असा. व्याह्यांचा परवाना परत मिळाला, त्यावर डाग नाही. मापकाकांच्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि काठी काढून घेतली. उरलेले चौदा महिने त्यांनी मागच्या इमारतीत, जुन्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांत काढायचे. त्या गठ्ठ्यांतल्या निम्म्या चिठ्ठ्यांवर त्यांच्याच अक्षरात 'जा-ये' लिहिलेलं होतं, आणि कामही नेमकं तेच होतं, त्या वेगळ्या काढून मोजायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांच्या चार हजार झाल्या. बायकोने विचारलं, "काम कसंय?" ते म्हणाले, "बसून आहे."

नाक्यावर नवा फलक लागला. प्रत्येक गाडी जाताना आणि येताना मोजली जाईल, अपवाद नाही. बावीस वर्षांपूर्वी नाहीशी झालेली रांग एका सकाळीत परत आली आणि वळणापर्यंत गेली. ड्रायव्हर शिव्या घालायला लागले. कोणाला घालायच्या ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

दुपारी मापकाकांच्या टेबलावरचा फोन वाजला.

"व्याही, मी बोलतोय. रांगेत. तास झाला उभा आहे तुमच्या पायी!"

"किती गाड्या आहेत पुढे?"

"अकरा. आणि तो तुमचा शिक्केवाला एकेका गाडीला दहा दहा मिनिटं घेतोय. बुडबुडा मधे येतच नाही त्याचा. मागचा टँकरवाला म्हणतो, काकांना परत आणा नाहीतर मी इथेच संसार थाटतो."

"त्याला सांगा, काठी ढिली धर. आवळली की हलते."

"सांगतो." पलीकडून भोंग्यांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाच्या तरी आईबापांची विचारपूस करत होतं. व्याही फोन ठेवत नव्हते. "काय करताय?" त्यांनी विचारलं.

"चिठ्ठ्या मोजतोय."

"माझ्या सापडल्या का?"

"सापडतायत अजून."

पलीकडे व्याह्यांनी इंजिन सुरू केलं. मग म्हणाले, "दहा राहिल्या," आणि त्यांची गाडी एका गाडीइतकी पुढे सरकल्याचा आवाज आला. मापकाकांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि पुढची चिठ्ठी उचलली.